एकोणीस दिवस

लाइल टॉर्गरसन माझ्याहून एकोणीस दिवसांनी मोठा.
एकाच सोमवारी रुजू झालो आम्ही, मिनिआपोलिसला,
एकाच लांब टेबलाशी, एकाच पुचाट कॉफीवर.
दुपारी एका बाईनं जन्मतारखा विचारल्या
आणि कागदावर आकडे टाकले:
तो चार हजार आठशे अकरा,
मी बारा.

तेव्हा हसलो होतो.

मग कळत गेलं.
आडव्या वाऱ्यात चाकं कशी टेकवलीस,
धुकं बघून किती वेळा शहाण्यासारखी परत फिरलीस,
हे इथं कुणी विचारत नाही.
विमान आकड्यावर, तळ आकड्यावर,
डावी खुर्ची की उजवी, तेही आकड्यावर.
दर महिन्याला पसंती भरायची
आणि निकालाच्या दिवशी पाहायचं
वरच्यांनी काय काय उचलून नेलं:
होनोलुलू, ॲमस्टरडॅम, सगळे रविवार.
शेवटच्या पंगतीला उरतं ते माझ्या पानात,
फार्गो, बिस्मार्क, पहाटे चार पन्नास,
नाहीतर राखीव.
राखीव म्हणजे फोन उशाशी आणि दोन तासांत हजर.

घर डलूथला, अडीच तास उत्तरेला.
म्हणून ब्लूमिंग्टनच्या एका तळघरात खाट भाड्यानं घेतली,
आठ वैमानिकांत एक न्हाणीघर.
खालची खाटसुद्धा ज्येष्ठाला.
वरच्या खाटेवर नाकासमोर छत,
छतावर ओलीचा डाग,
त्याचे किनारे मला धावपट्टीच्या नकाशासारखे पाठ.

एका वर्षी नाताळची एकच सुट्टी खाली घरंगळत आली
आणि अकरापाशी थांबली.
इंगा चार वर्षांची होती. फोनवर म्हणाली,
"आई, लाइल कोण आहे?"
जानेवारीत त्यानं डबा दिला,
त्याच्या आईच्या हातच्या पातळ, गुंडाळलेल्या बिस्किटांचा.
बिस्मार्कच्या हॉटेलात, राग धरून,
मी सगळी एकटीनं संपवली.
चांगली होती.

पुढे मला डावी खुर्ची मिळत होती.
कप्तान! पण कप्तानांत शेवटची.
पुन्हा राखीव, पुन्हा फोन, पुन्हा रात्री.
अन्सेल्म म्हणाला, घे.
मी उजवीकडेच राहिले,
इंगाच्या पोहण्याच्या शनिवारांसाठी.
लाइलनं घेतली.
चार पट्ट्या लावून भेटला तेव्हा
टोपी काढून उगाच झटकत राहिला.

मग त्याच्या हृदयाच्या आलेखात
एक ठोका चुकलेला सापडला.
डॉक्टरनं सही केली नाही.

रजेवरच्याचं नाव पाच वर्षं यादीत असतं.
पाच वर्षं तो उडाला नाही
आणि पाच वर्षं तो माझ्या वर होता.
या फेब्रुवारीत यादी आली.
माझ्या वरच्या ओळीत कुणी ड्वेन पेल्की.
मध्ये रेघ नाही, रिकामी जागा नाही,
छपाईत एवढासा अडखळही नाही.
खालचे चौदाशे जण एकेक पायरी वर आले.
त्यांतल्या कितींना ठाऊक असेल
ते कशावर पाय देऊन चढले?

आणि डिसेंबरात मला चोवीस तारीख मिळाली.

घरी कुणी नव्हतं.
इंगा सतरा वर्षांची, किराणा दुकानात गल्ल्यावर,
ऑक्टोबरात लागलेली, सगळ्यांत नवी.
"सणाला नवीनच उभे करतात, आई,"
म्हणाली, जणू मला हे सांगावं लागतं.

मी तो जुना डबा घासून घेतला,
दुकानातलीच बिस्किटं भरली
आणि स्टिलवॉटरला गेले.
लाइलनं दार उघडलं. अंगावर घरचा स्वेटर,
मागे खिडकीत गोठलेली नदी.
डबा ओळखला त्यानं, बोलला नाही.
कॉफी ओतताना पाठ फिरवून विचारलं,
"आता किती?"

मी आकडा सांगितला.
किटली हातात तशीच धरून
त्यानं मनात एक वजा केला. दिसलं मला.